खोकं फोडायचा मान

सोपानमिस्त्रींनी ड्रिल मशीन काउंटरवर आपटलं नाही. हळूच ठेवलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि मयतावर घालतात तसा त्याच्यावर पसरला.

“गेलं,” ते म्हणाले.

पंच्याखालून जळक्या वार्निशचा वास येत होता. मी हात लावून बघितला. मशीन अजून कोमट होतं.

“कधी घेतलं होतंत?”

“आयतवारी. आज बुधवार. ह्या म्हैन्यातलं हे तिसरं, मनोहर. मंगल कार्यालयाचं चौदा दरवाजं हायती माझ्याकडं, सागवानाचं. चौथ्या दरवाजाला बिजागरीची भोकं पाडत व्हतो, तर ह्यानं धूर काढला. मालक म्हणला, मिस्त्री, हवन लग्नाच्या दिवशी असतंय, आत्ताच काय करताय?”

मला हसू आलं, पण मिस्त्री हसत नव्हते. मी नेहमीसारखा मागे वळलो, फडताळातून नवं सीलबंद खोकं काढलं आणि मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवलं. असं जळकं मशीन घेऊन गिऱ्हाईक आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाद घालायला तोंडच उघडायचं नाही.

मिस्त्रींनी ते खोकं एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं.

“ह्यो माल तू आणतोस कुठनं?”

“थेट कंपनीतून,” मी म्हणालो.

हे उत्तर मला वडिलांकडून दुकानाबरोबरच मिळालं होतं. फलटणात तेव्हा, म्हणजे शहाण्णव साली, हार्डवेअरची सहा दुकानं होती आणि सहाही जणांचा माल थेट कंपनीतून यायचा. खरा माल कुठून येतो हे दुकानदार बायकोलासुद्धा सांगत नसे. खोक्यावरची पावती आधी फाडायची आणि मग ते फडताळात लावायचं, ही आमची पद्धत.

“शनवारपर्यंत मला जळणार न्हाय असं मशीन आणून दे,” मिस्त्री म्हणाले. “न्हाईतर मी रस्ता ओलांडतो.”

रस्त्यापलीकडे बोराटे मशिनरी स्टोअर्स होतं. सोपानमिस्त्री फलटणच्या सुतारांतले सगळ्यात जुने. ते ज्या दुकानाच्या पायरीवर तंबाखू मळायला बसत, तिथून सगळे सुतार खिळा घेत. ते उठून पलीकडे गेले असते, तर मला दुकानाला कुलूप लावून रसवंती घालावी लागली असती.

आता माझ्या दुकानाबद्दल सांगायलाच हवं. शेटे हार्डवेअर हे सचोटीचं दुकान होतं. वडिलांचा एक नियम होता: सीलबंद माल सीलबंदच द्यायचा, खोकं फोडायचा मान गिऱ्हाइकाचा. वडील गेल्यावर अकरा वर्षं मी तो नियम पाळला. एकही मशीन मी दुकानात चालवून बघितलं नव्हतं. पुण्याच्या भवानी पेठेतल्या आदर्श ट्रेडर्सला सोमवारी फोन करायचा आणि गुरुवारी टेम्पोने माल यायचा. तिथले मॅनेजर पाटसकर फोनवर आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत. आईच्या गुडघ्याची इतक्या मायेने चौकशी करणाऱ्या माणसाला तुमचं मशीन जळलं हे कसं सांगणार? म्हणून परत आलेली मशिनं मी माळ्यावर टाकत होतो. तिथे सतरा झाली होती. शिवाय दुकानाबाहेर एक फळा होता. त्यावर मी रोज सकाळी माझ्या वळणदार अक्षरात स्वतः रचलेला सुविचार लिहायचो. त्या बुधवारचा होता: ‘विश्वास हीच खरी गॅरंटी’.

“त्या फळ्यावर मिस्त्रींच्या पंच्याचा बोळा फिरवा आधी,” शैला म्हणाली. शैला माझी बायको. ती आतल्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. “आणि समोरच्या बोराट्यांकडे एकही मशीन परत येत नाही, ते का, ते बघा.”

“तो म्हणतो, त्याचा माल जर्मनीहून येतो.”

“जर्मनीला कुणी एसटीने जातं का हो? दर दुसऱ्या गुरुवारी पहाटे सहाच्या पुणे गाडीने जातात ते. रिकामं पोतं घेऊन. अख्ख्या पेठेला माहीत आहे. उद्या गुरुवारच आहे. जा की मागनं.”

मी हेरगिरी करणार नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. शेटे घराण्यात असलं काही कुणी केलेलं नाही, हेही सांगितलं. मग माळ्यावरून धाकट्या भावाचा जुना खाकी शर्ट शोधून काढला आणि डोक्याला मफलर गुंडाळून आरशासमोर उभा राहिलो. नुसते डोळे दिसत होते.

“ओळखू येतोय का?”

“यात तर तुम्ही जास्तच तुम्ही दिसताय,” शैला म्हणाली. “पण तुमच्याकडे इतकं निरखून बघतंय कोण! जा.”

बोराटे पुढून दुसऱ्या बाकावर होता. मी सगळ्यात मागे बसलो. लोणंदपर्यंत मी मान वर केली नाही. जेजुरीला गाडी दहा मिनिटं थांबली. बोराटे उतरला, त्याने भजी घेतली आणि नेमका गाडीच्या दाराला टेकून खात उभा राहिला. मला खाली उतरायची फार निकड होती, ती कसली ते सांगायला नको. दाराशी बोराटे आणि आत मी. तो एकेक भजं फुंकर घालून खात होता. सासवडचा घाट मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. स्वारगेटला गाडी थांबताच मी आधी जिकडे जायचं तिकडे पळालो, आणि बाहेर आलो तर बोराटे दिसेना. जीव घाबराघुबरा झाला. मग लांब फुटपाथवर त्याची काखेतली पोत्याची गुंडाळी दिसली, आणि मी मागे लागलो.

चालत चालत तो भवानी पेठेत शिरला. दोन गल्ल्या ओलांडल्या, एका लाकडाच्या वखारीला वळसा घातला आणि एका मोठ्या गोदामात गेला. वर पाटी होती: आदर्श ट्रेडर्स.

माझे आदर्श ट्रेडर्स!

मी त्या गोदामात कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण पत्ता पाठ होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोराट्याने माझी पेढी चोरली होती! आत शिरून दोघांचीही गचांडी धरावी म्हणून मी दोन पावलं टाकली, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “ए मफलर! बघत काय उभा राहिलास? धर की!”

दारात टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याने वरून दिलेलं खोकं माझ्या हातात आलंसुद्धा. ओरडणारा माणूस गुबगुबीत होता, चष्मा कपाळावर ढकललेला. आवाज मी लगेच ओळखला. ते पाटसकर होते. आईचा गुडघा आठवून मी थोडा विरघळलोही.

“आजच मेले सगळे हमाल गायब झाले. चल, आत बोराटेशेठ बसलेत, त्यांच्याकडे ने.”

मी का नेलं, हे आजही मला सांगता येत नाही. हातात ओझं आलं की माणूस भांडत नाही, चालायला लागतो.

आत भिंतीशी स्टुलावर बोराटे बसला होता. शेजारी प्लगचा बोर्ड, समोर टेबलावर मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. मी नेलेलं खोकं त्याने माझ्याकडे न बघता घेतलं आणि सरळ फाडलं. सील, पट्टी, वरची चिठ्ठी, सगळं टराटरा. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटलं मला ते. मग त्याने ड्रिल मशीन बाहेर काढलं, पुढे भोक पाडायचं नवं पान लावून सुरू केलं आणि नुसता धरून बसला.

“हे काय करतायत?” मी आवाज जाड करून पाटसकरांना विचारलं.

“दहा मिनिटं चालवतात. प्रत्येक मशीन. डोकं उठतं रे आमचं.”

दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मधेच तो मशीनच्या मानेवर तळहात ठेवून तापतंय का बघे, मागच्या फटीतून आत डोकावून ठिणग्या किती उडतात ते बघे, मग डोळे मिटून नुसता आवाज ऐके. वास घेई. शेवटी समोर फिरणारं पान हलतंय का हे डोळा बारीक करून बघे. पहिलं मशीन त्याने उजवीकडे ठेवलं. दुसऱ्याच्या फटीत ठिणग्यांचं कडंच दिसलं, ते डावीकडे. तिसऱ्याचं पान थरथरत होतं, तेही डावीकडे.

“हे नको,” तो एवढंच म्हणायचा.

मी बारा खोकी वाहिली. सात उजवीकडे गेली, पाच डावीकडे. माझा राग हळूहळू ओसरायला लागला होता. म्हणजे जर्मनी नाही, खास कंपनी नाही, काहीही नाही. जिथून माझा माल येतो तिथूनच ह्याचाही येतो. मग माझीच मशिनं का जळतात?

बोराटे घड्याळ मनगटाला बांधत चहा प्यायला बाहेर गेला. मी डाव्या ढिगाजवळ उभा होतो.

“साहेब, ही पाच आता कंपनीला परत का?”

पाटसकर खो खो हसले. “कंपनीला? कंपनी आम्हालाच दहा प्रश्न विचारते. नाही रे, ह्या मालाला आपली एक पार्टी आहे. ती मशिनं नीट भर खोक्यात. चिकटपट्टी अशी लाव की फाडल्याचं दिसता कामा नये.”

मी भरली. चिकटपट्टी लावली. मन लावून लावली हो, वाईट काम मला जमतच नाही.

“अक्षर येतं का तुला?”

“येतं.”

“शाब्बास. हे घे,” त्यांनी माझ्या हातात जाड काळं पेन दिलं. “ही पाचही मोठ्या खोक्यात घाल आणि त्यावर पार्टीचं नाव टाक. लिही: शेटे हार्डवेअर, फलटण.”

मी पेन घेऊन उभा राहिलो.

“लिही की! फार देवमाणूस आहे बाबा. अकरा वर्षांत एकदाही इथे आला नाही, एकही खोकं उघडून बघितलं नाही, एक तक्रार नाही. अशी माणसं आता राहिली नाहीत. ‘शे’ला मात्रा दे.”

मी मात्रा दिली. देवाशपथ सांगतो, मी माझं नाव माझ्या हाताने त्या खोक्यावर लिहिलं. शेटे हार्डवेअर, फलटण. खाली रेघही मारली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. वडिलांनी पाटी रंगवून घेतली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. तेच नाव होतं ते.

“वा! अक्षर सुंदर आहे तुझं,” पाटसकर म्हणाले.

“सुंदर आहेच,” मागून आवाज आला. बोराटे चहा पिऊन आला होता आणि खोक्याकडे टक लावून बघत होता. “हा ‘श’ मी रोज सकाळी शटर उघडलं की वाचतो.” मग त्याने सावकाश माझ्या मफलरकडे बघितलं. “शेटे?”

मी मफलर सोडला.

पाटसकरांच्या कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला. मग ते म्हणाले, “अहो शेटे! या, या! आईचा गुडघा कसा आहे?”

“गुडघा गेला खड्ड्यात!” मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचा टेम्पोवाला आत डोकावला. “नासका माल माझ्या गळ्यात मारता? माझ्या? आईची चौकशी करत करत?”

पाटसकर मुळीच ओशाळले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. “शेटे, खरं सांगा,” ते शांतपणे म्हणाले, “अकरा वर्षांत एक मशीन तरी परत पाठवलंत? एकदा तरी म्हणालात, पाटसकर, हे जळलं म्हणून? मला वाटलं, तुमच्याकडे चालतात.”

माझ्या डोळ्यांसमोर माळ्यावरची सतरा मशिनं आली.

बोराटे स्टुलावरून आपलं पोतं उचलत म्हणाला, “माझं झालंय. स्टूल मोकळं आहे.”

“कसं बघायचं ते दाखवाल?”

“छे! धंद्यातलं कुणी शिकवतं होय?” तो म्हणाला. मग पोत्याचं तोंड बांधायला त्याला उगाचच दोन तास लागले. मी मशीन लवकर बंद केलं की तो खाकरायचा, आणि ठिणग्या जास्त असल्या की छताकडे बघायचा. दुपारी तीनपर्यंत मी चौदा खोकी फोडली. पहिल्याची पट्टी मी जपून सोडवली. पाचव्याला मजा वाटायला लागली. दहावं फोडलं तेव्हा पाटसकर डोकं धरून बसले होते. सहा मशिनं निवडून मी ती खांद्यावर घेतली.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच बाकावर बसलो. सासवडपर्यंत बोराट्याने डुलक्या काढल्या.

“एक विचारू?” शेवटी तो म्हणाला. “ते सुविचार तुम्ही स्वतः करता?”

“हो.”

“बरे असतात.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तो गॅरंटीचा तेवढा पुसा.”

शनिवारी सोपानमिस्त्री पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले. मी त्यांच्यासमोर मशीन लावलं आणि घड्याळ ठेवलं. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या घरघरीत उभे होतो. त्यांनी हात लावून बघितला, वास घेतला, मान हलवली.

“कुठनं आणलंस?”

मी सगळं सांगितलं. आदर्श ट्रेडर्स, मफलर, बारा खोकी, काळं पेन, मात्रा, सगळं. मिस्त्रींना हसू आवरेना. तोंडातल्या तंबाखूचा ठसका लागला, शैलाने पाणी आणून दिलं, तरी ते पायरीवर बसून मांडीवर थापा मारत होते. बसले, एवढं मी बघितलं. आपण आता पक्के दुकानदार झालो, असं मला वाटलं.

सोळा दिवसांनी मिस्त्री पुन्हा आले. मशीन काउंटरवर ठेवलं.

“बंद पडलं.”

आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं मलाच नवं होतं. “बंद पडेलच कसं? मी स्वतः दहा मिनिटं चालवून, ठिणगी बघून, कानाने ऐकून आणलंय! तुमच्यासमोर चालवलं! ह्या मशीनला काही होणं शक्यच नाही. तुम्हीच काहीतरी केलं असणार, मिस्त्री!”

मिस्त्रींनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली.

“इतकी वर्सं मी तुझ्याकडनं का घेत व्हतो, ठावं हाय?”

“माल चांगला म्हणून?”

“माल? तुझा माल तर पैल्यापासनं भिकार. बोराट्याचा चांगला, हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय. पन बोराट्याकडं काय परत न्यावं, तर तो वकिलावानी उभाआडवा घेतो. कुठं धरलं व्हतं, कसं धरलं व्हतं, लाकूड कंचं व्हतं. आपल्याला चोर करतो. तू गप नवं काढून द्यायचास. मानसाची अब्रू राखायचास. ह्या म्हैन्यात तीन जळाली, मालकानं चारचौघांत हासं केलं, म्हनून बोललो मी.” त्यांनी मशीनला वायर गुंडाळायला सुरुवात केली. “आता तुझा माल बी चांगला झाला आन् तोंड बी त्याच्यासारखं झालं. मग मी रस्ता ओलांडला काय आन् न ओलांडला काय.”

ते वायर गुंडाळत होते आणि मी नुसता बघत होतो. शैला आतल्या दाराशी आली होती. तिने फडताळाकडे बघितलं.

मी मिस्त्रींच्या हातातलं मशीन काढून घेतलं. फडताळातून दुसरं आणलं, खोकं फाडलं, प्लग लावला, घड्याळ ठेवलं. दहा मिनिटं झाल्यावर ते त्यांच्या पिशवीत घातलं आणि हात जोडले. त्या दहा मिनिटांत मी एक शब्द बोललो नाही. जीभ दाताखाली धरून ठेवली होती.

मिस्त्रींनी पिशवी उचलली. पायरीवर बसून सावकाश तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली आणि उठले. रस्त्यावर उतरल्यावर मागे वळून म्हणाले, “मनोहर.”

“काय?”

“बादलीत पडलं व्हतं ते. खरं सांगतो.”

आणि ते मंगल कार्यालयाच्या दिशेने चालू लागले.

मी काउंटरवरचं मशीन उचलून तिरकं केलं. मागच्या फटीतून चमचाभर पाणी काउंटरच्या काचेवर सांडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी बरोबर होतो. शैला पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी फडकं घेऊन काच पुसत होतो.